कार्ड खिशात, पैसे परदेशात

प्रश्न : 'स्नीकर्स' नावाचा जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. त्यात बँकच काही मंडळींना पैसे देऊन स्वतःकडे चोरी करायला लावते आणि एका लहानशा खोक्याने कुठलाही संगणक उघडतो. असे खरोखर असते का? पारावर यावरून वाद झाला, तेव्हा कुणीतरी पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा दाखला दिला. तिथे म्हणे कार्डे ग्राहकांच्या खिशातच होती आणि पैसे मात्र अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून निघाले. वर म्हणतात, एकाही ग्राहकाचा रुपया गेला नाही. मग गेला कुणाचा? आणखी एक. भाचा 'एथिकल हॅकिंग' शिकायचे म्हणतो. घरचे म्हणतात, पोलीस दारात येतील. शिकू द्यावे का?
— एक वाचक, सेनगाव, जि. हिंगोली

उत्तर : पत्र एक आणि शंका चार. क्रम थोडा बदलून घेतो. आधी सिनेमा, कारण तो लवकर आटपतो. मग कॉसमॉस, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

सिनेमा पाहून 'हे खरे असते का' असे विचारायला संकोच नको. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीही हेच केले होते. जून १९८३ मध्ये त्यांनी 'वॉरगेम्स' पाहिला. त्यात एक शाळकरी पोरगा घरच्या संगणकावरून थेट लष्कराच्या यंत्रणेत शिरतो. चार दिवसांनी रेगन यांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारले, असे खरेच होऊ शकते का? आठवड्याभराने उत्तर आले की परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून वाईट आहे. त्यातून पुढच्याच वर्षी सरकारी संगणकांच्या सुरक्षेचे धोरण निघाले. 'वॉरगेम्स' लिहिणारे लॉरेन्स लास्कर आणि वॉल्टर पार्क्स हेच 'स्नीकर्स'चेही लेखक. त्यामुळे आपल्या पारावरचा वाद अगदीच हवेतला नव्हता.

'स्नीकर्स' १९९२ सालचा. रॉबर्ट रेडफर्ड आणि त्याचे साथीदार बँकेच्या सांगण्यावरून रात्री बँक फोडतात, दुसऱ्या दिवशी रोकड घेऊन संचालकांपुढे ठेवतात आणि कुठून कसे शिरलो ते सांगून फी घेतात. हा धंदा खरा आहे. आज भारतातल्या बँकाही असे तपासनीस नेमतात; त्याबद्दल भाच्याच्या प्रश्नात पुन्हा येईन. खलनायक झाले आहेत बेन किंग्जली, म्हणजे आपल्याकडे 'गांधी' म्हणून ओळखले जाणारे नट. त्या खलनायकाचे नाव आहे कॉस्मो. पारावर कुणी यावरून काही संबंध जोडला असेल तर सांगून टाकतो, निव्वळ योगायोग आहे. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ पासून आहे.

आता ते खोके. ही कल्पना निव्वळ थाप नाही. आपण मोबाइलवरून बँकेशी बोलतो ते बोलणे कुलूपबंद असते, आणि त्या कुलपांपैकी एक प्रसिद्ध जात गणितावर उभी आहे. दोन प्रचंड मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. पण नुसता गुणाकार हातात देऊन 'याच्या दोन संख्या कोणत्या' असे विचारले, तर आजच्या मोठ्यात मोठ्या संगणकाला ते आटोपत नाही. १९७७ मध्ये ही युक्ती शोधणाऱ्या तिघांपैकी एक लिओनार्ड ॲडलमन. सिनेमातले गणितज्ञाचे व्याख्यान त्यांनीच तयार करून दिले. मोबदला काय, तर पत्नीला रॉबर्ट रेडफर्डची भेट घालून द्यायची.

सिनेमा येऊन दोन वर्षे झाली आणि पीटर शोर या गणितज्ञाने दाखवून दिले की क्वांटम जातीचा पुरेसा मोठा संगणक तयार झाला तर हे कुलूप झटपट उघडेल. तेवढा मोठा क्वांटम संगणक आज नाही. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने त्यालाही दाद न देणाऱ्या नव्या कुलपांचे नमुने जाहीर केले. थोडक्यात, खोके अजून बनलेले नाही, पण ते बनेल असे धरून कुलपे बदलायला सुरुवात झाली आहे.

पण 'स्नीकर्स' पुन्हा पाहाल तर एक गंमत ध्यानात येईल. सगळे उघडणारे खोके शेवटी कसे मिळते? रखवालदाराला बोलण्यात गुंतवून, हातात केक आणि फुगे घेऊन दाराशी ताटकळल्याचे नाटक करून, एका माणसाचा कचरा उपसून त्याच्या सवयी शोधून, आणि त्याच्याकडून जेवणाच्या टेबलावर हवे ते शब्द वदवून, ते ध्वनिमुद्रित करून. कुलूप कुणीच फोडत नाही; किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याच्यापर्यंत पोहोचतात. खऱ्या दरोड्यांतही नेमके हेच होते. पडद्यावर हॅकर तीस सेकंदांत टकाटक बोटे चालवून आत शिरतो, ते तेवढे विसरून जा. २०१६ च्या बांगलादेश बँकेच्या दरोड्यात चोरांनी कर्मचाऱ्यांना नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने ईमेल पाठवले होते, सोबत बायोडेटाचा दुवा. ते ईमेल गेले २०१५ च्या सुरुवातीला. चोरी झाली वर्षभराने. मधला सगळा काळ मंडळी आत बसून कामकाज न्याहाळत होती.

आता कॉसमॉस. आधी काय झाले ते सांगतो. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही रुपे कार्डांवर २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी निघाले. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून म्हणजे स्विफ्टमधून खोटा आदेश गेला आणि १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यात पोहोचले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

खिशातले कार्ड आणि परदेशातले पैसे हे कोडे सुटायचे तर एटीएममध्ये कार्ड घातल्यावर काय होते ते माहीत हवे. एटीएम स्वतः काही ठरवत नाही. ते विचारणा पुढे पाठवते, ती व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून आपल्या बँकेच्या 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे येते. स्विच ती आतल्या मुख्य खातेवहीकडे नेतो. तिथे पिन, शिल्लक, मर्यादा तपासली जाते, 'द्या' असा निरोप आल्या वाटेने परत जातो आणि मग नोटा बाहेर येतात. आपल्याला हे सगळे दोन-तीन सेकंदांत उरकल्यासारखे दिसते.

चोरांनी मुख्य खातेवहीला हात लावला नाही. त्यांनी स्विचच्या वाटेवर आपला तोतया स्विच बसवला. परदेशातून आलेली विचारणा हा तोतया वरच्या वर अडवी आणि आत काहीही न विचारता 'द्या' म्हणून मोकळा होई. वसमतच्या हळद बाजारातले उदाहरण घेऊ. चिठ्ठी आली की मुनीम वही उघडतो, शेतकऱ्याच्या नावे किती जमा आहे ते बघतो आणि मग गल्ल्याला 'द्या' म्हणतो. मुनिमाच्या जागी कुणी भलताच बसला आणि वही न उघडताच प्रत्येक चिठ्ठीला 'द्या' म्हणत सुटला, तर शेतकऱ्याची जमा जशीच्या तशी राहील. गल्ला रिकामा होईल तो अडत्याचा.

कॉसमॉसमध्ये हेच झाले. ग्राहकांच्या शिलकेतून रुपया वजा झाला नाही, कारण वहीपर्यंत कुणी गेलेच नव्हते. पण परदेशातल्या ज्या बँकांच्या यंत्रांतून नोटा निघाल्या त्यांना व्हिसाने पैसे चुकते केले, आणि व्हिसाला ते चुकते करायचे होते कॉसमॉसने, कारण होकार तिच्या नावाने गेला होता. तेव्हा गेला कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर बँकेचा, म्हणजे सहकारी बँक असल्यामुळे शेवटी सभासदांच्या सामाईक पुंजीचा. 'ग्राहकाचा रुपया गेला नाही' हे विधान खरे आहे, पण ते ऐकून जितके निर्धास्त वाटते तितके व्हायचे कारण नाही.

राहिली कार्डे. कार्ड म्हणजे प्लास्टिक नव्हे, त्यावर नोंदलेला मजकूर. तो मजकूर हाती लागला की जुन्या पद्धतीच्या काळ्या चुंबकीय पट्टीवर त्याची नक्कल करता येते. चिपची नक्कल अशी सहज होत नाही. चुंबकीय पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने दिलेली मुदत होती ३१ डिसेंबर २०१८. दरोडा त्याआधी साडेचार महिने पडला. आणि पिनचे काय, असे आपण विचाराल. पिन बरोबर की चूक ते बँकेच्या बाजूला ठरते, आणि त्या बाजूला तर तोतया बसला होता.

मला यात सर्वांत बोलकी वाटते ती तारीख. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता. बँकेला सुट्टी. दुसऱ्या दिवशी रविवार. बांगलादेशातही चोरांनी गुरुवारची रात्र निवडली होती, कारण तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. ढाक्याचे लोक रविवारी कामावर येईतो, पैसा जिथून निघायचा होता त्या न्यूयॉर्कची सुट्टी. आणि पैसा जिथे जायचा होता त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. एवढे पंचांग आपल्याकडे लग्नाच्या तारखेलाही कुणी पाहत नाही. त्या वेळी त्यांनी ९५ कोटी डॉलरचे आदेश पाठवले होते. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर गेले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर मात्र अडकले, कारण आदेशात 'फाउंडेशन' शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि वाटेतल्या एका बँकेतल्या माणसाला शंका आली. वर्षभर आत बसलेल्या चोरांना एक अक्षर नडले.

कॉसमॉसच्या बाबतीत आणखी एक चुटपुट लागते. अमेरिकेच्या एफबीआयने १० ऑगस्टला, म्हणजे आदल्याच दिवशी, जगभरातल्या एटीएमवर असा एकगठ्ठा हल्ला होऊ घातल्याचा इशारा बँकांना पाठवला होता.

आता जरा हिशेब करू. ७८ कोटींना १२ हजारांनी भागा. एका व्यवहाराला सरासरी ६५ हजार. रुपेच्या अडीच कोटींना २,८४९ ने भागा, सरासरी पावणेनऊ हजारांच्या आसपास. एटीएम एका वेळी यापेक्षा फार देत नाही. म्हणजे संगणकातली करामत कितीही मोठी असली तरी शेवटी हजारो वेळा कुणीतरी यंत्रासमोर उभे राहून, नकली कार्ड घालून, नोटा पिशवीत भरल्याशिवाय दरोडा पुरा होत नाही. आणि हे सगळे बँकेच्या लक्षात येण्याआधी उरकायचे, म्हणून एकाच वेळी अनेक देशांत माणसे हवीत. सिनेमात सहा-सात जणांत काम भागते. इथे भाड्याच्या हातांची फौज लागली.

हे हात कुठले होते? आपल्याकडचेही होते. कोल्हापुरातल्या एटीएममधून पैसे निघाले, इंदूरमधून निघाले. पकडलेल्यांत औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, तरुण होते आणि आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलेही. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. परदेशातल्या अशाच टोळ्या जमवणाऱ्या कॅनडाच्या एका नागरिकाला अमेरिकेत ११ वर्षांहून अधिक कैद झाली. आणि तोतया स्विच ज्यांनी बसवला ते? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. अशा बँक-दरोड्यांबद्दल अमेरिकेने उत्तर कोरियाच्या तिघांवर आरोपपत्रही ठेवले आहे. त्यातला एकही कुणाच्या हाती लागलेला नाही. डोके लावणारा सुटतो आणि कॅमेऱ्यात चेहरा येणारा अडकतो, हा या धंद्याचा शिरस्ता आहे. 'हे कार्ड घे, एवढे पैसे काढून आण, दहा टक्के तुझे' किंवा 'तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे' असे कुणी आपल्या भागातल्या पोराला सांगत असेल, तर तो या फौजेतलीच भरती करतो आहे.

यावरून भाच्याकडे वळू. हॅकिंग शिकणे हा गुन्हा नाही. दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या ४३ व्या कलमात मालकाच्या परवानगीवाचून काय काय करता येत नाही याची यादी आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केले तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'मी फक्त बघत होतो, काही चोरले नाही' हा बचाव पोरे फार करतात. तो लंगडा आहे. शेजाऱ्याचे वायफाय, शाळेचे निकालपत्रक, ग्रामपंचायतीची वेबसाइट, सगळे यात आले.

'स्नीकर्स'मधली मंडळी बँकेत शिरतात तेव्हा त्यांच्यात आणि चोरात फरक एका कागदाचा असतो. त्या कागदावर कोणती यंत्रे, कोणत्या तारखांना, कुठपर्यंत तपासायची हे लिहिलेले असते आणि खाली मालकाची सही असते. आपल्याकडे हे काम करणाऱ्या संस्थांची यादी 'सर्ट-इन' ही केंद्र सरकारची यंत्रणा ठेवते. ती २००४ पासून काम करते आहे. भाच्याने आधी संगणकांची जाळी कशी चालतात, लिनक्स कसे चालते, एखादी भाषा वापरून प्रोग्रॅम कसा लिहितात, हे पक्के करावे. हे जमले नसताना 'दोन महिन्यांत हॅकर' म्हणणाऱ्या क्लासची फी भरू नये. सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली यंत्रणा फुकट मिळते, ती आपल्याच संगणकावर चालवून फोडत बसावे. घरच्यांना सांगा, पोलीस दारात येतील ते परवानगी न घेतल्यामुळे, शिकल्यामुळे नाही. शिकू द्या.

शेवटची शंका आपण लिहिलेली नाही, पण पत्राच्या ओळींमधून दिसते : आपल्या गावातल्या बँकेचे काय? 'आमची बँक लहान, तिच्याकडे कोण बघतो' हा समज सोडावा. चोर नाव बघत नाही, ढिला दरवाजा बघतो. कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे किमान नियम काढले आणि २०१९ च्या अखेरीस बँकेच्या व्यवहारांच्या स्वरूपानुसार चार पातळ्या ठरवून ते कडक केले. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या या चौकटीत येत नाहीत. बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणारे पाच लाखांपर्यंतचे विमा-संरक्षणही पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. पुष्कळांना बँक आणि पतसंस्था एकच वाटतात. पाटीवरचे नाव एकदा नीट वाचून घ्या.

आपल्या स्वतःच्या खात्यातून न सांगता पैसे गेले तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तोटा आपल्याला सोसावा लागत नाही. ओटीपी आपणच फोनवर सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले.

आणि आपण सहकारी बँकेचे सभासद असाल तर आणखी एक हक्क आपल्याकडे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते. तिथे लाभांश किती आणि जेवणात काय, हे दोन प्रश्न विचारून झाले की तिसरा विचारा : गेल्या वर्षी आपल्या यंत्रणेत बाहेरच्या तपासनीसांना शिरून बघायला लावले का, आणि त्यांना काय सापडले? सगळा तपशील ते सांगणार नाहीत, सांगूही नये. पण तपासणी झाली की नाही आणि दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त केल्या की नाहीत, एवढे अध्यक्षांना उभे राहून सांगावे लागेल. येत्या सभेला जरूर जा.